मुरमाच्या वाटेने तासगावला

डांबरी रस्त्यावर दोन माणसांना शेजारी शेजारी सायकल चालवता येत नाही. मागून हॉर्न वाजतो आणि एकाला पुढे नाहीतर मागे व्हावंच लागतं. मग दिवसभर पुढच्याची पाठ बघत जायचं. काही सांगायचं असलं तर ओरडून सांगायचं, आणि ओरडून सांगण्यासारखं माणसाजवळ फार थोडं असतं. म्हणून मी आणि हणमंतराव गेली काही वर्षं कच्च्या वाटांनी जातो. कालव्याच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता, शेताशेतांमधली पाणंद, फॉरेस्टची वाट. आमच्या सातारा-सांगलीकडे अशा वाटांचं जाळंच आहे. गाडीवाल्यांना त्या नको असतात. दिवसभरात एखादी बैलगाडी, दोन-तीन मोटारसायकली, उसाचा हंगाम असला तर ट्रॅक्टर. बाकी सगळा रस्ता आपला.

हणमंतराव कोण ते आधी सांगायला हवं, आणि तिथंच अडचण आहे. सहा वर्षांपूर्वी माझी मुलगी मुक्ता आणि त्यांचा मुलगा संदीप यांचं लग्न झालं. दोघं पुण्यात एकाच ऑफिसात होती, त्यांचं त्यांनीच जमवलेलं. मी वाईचा, जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. हणमंतराव तासगावजवळच्या गावचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता द्राक्षबाग बघतात. बोलणी करायला ते आमच्याकडे आले त्या दिवशी दोन्हीकडची माणसं बैठकीत अवघडून बसली होती. चहा झाला, पाऊसपाण्याची चौकशी झाली, विषय संपले. तेवढ्यात हणमंतरावांना दारातली माझी सायकल दिसली. ते उठून बाहेर गेले, मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "बेरिंग गेलंय हिचं. पाना हाय का?" आत बायकांनी लग्नाची तारीख धरली. आम्ही दोघं बाहेर ग्रीसमध्ये हात काळे करून बसलो होतो.

तेव्हापासून ते मला 'व्याहीसायब' म्हणत. दर हिवाळ्यात चार-पाच दिवस आम्ही सायकली घेऊन निघायचो. माझ्या साठीला संदीपने मला जाड टायरची, गिअरची सायकल भेट दिली. हणमंतराव मात्र त्यांच्या काळ्या, दांडीच्या सायकलवरच राहिले. चढाला ते उतरून ढकलत चालायचे आणि तरी माझ्या आधी वर पोचायचे.

गेल्या दिवाळीआधी संदीप आणि मुक्ता कायद्याने वेगळे झाले. मारझोड नव्हती, व्यसन नव्हतं, तिसरं कुणी नव्हतं. घरात दोघं असायची आणि बोलणं नसायचं, एवढंच मुक्ताने सांगितलं. संदीप बंगळूरला बदलून गेला. आणि मला कळेना की आता मी हणमंतरावांना फोन करायचा तर कोण म्हणून करायचा. त्यांनाही कळलं नसावं. तीन महिने दोन्हीकडून काही आलं नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात फोन वाजला.

"आवं," पलीकडून आवाज आला. पुढचा शब्द त्यांनी गिळला. "द्राक्षाचा टेंपो निघालाय पुण्याला, मंगळवारी. मला खंडाळ्याला सोडंल सायकलसकट. येतासा?"

मी म्हणालो, "येतो."

साताऱ्याकडच्या खंडाळ्यापासून कालव्याने फलटणच्या अंगाला जायचं, डोंगर चढून माण तालुक्यात उतरायचं, तिथून तासगाव, आणि पुढे जतला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या गावी, असं आम्ही मागेच ठरवून ठेवलं होतं. माझ्या बायकोने, सुधाने, आदल्या दिवशी गुळपोळ्या केल्या. सकाळी पिशवी माझ्या हातात देताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोघांना पुरतील एवढ्या आहेत."

खंडाळा, मंगळवार

टेंपो उजाडता उजाडता येऊन गेला होता. हणमंतराव स्टँडसमोरच्या टपरीवर कानटोपी घालून बसले होते. पूर्वी भेटलो की ते खांद्यावर थाप मारायचे. या वेळी त्यांनी हात जोडले. मीही जोडले. मग दोघांनाही ते कसंतरी वाटलं असावं, कारण दोघंही एकदम सायकलींकडे वळलो.

गाव सोडून दीडेक मैल गेलं की कालवा लागतो. रस्त्यावर मोटारी जाऊ नयेत म्हणून आडवा लोखंडी पाइप टाकून कुलूप घातलं होतं. सायकली उचलून पलीकडे ठेवल्या आणि महामार्गाचा आवाज एकदम मागे राहिला. हाताच्या अंतरावर पाणी वाहत होतं, हिरवट, संथ, वाफ निघणारं. पलीकडे ऊस. तोड झालेल्या रानात पाचट पसरलेलं आणि त्यावर बगळे उभे. मुरूम दवाने दबला होता, चाकाखाली फक्त बारीक करकर ऐकू यायची. आम्ही शेजारी शेजारी चालवत होतो आणि बोलत नव्हतो. एरवी मी त्यांना वाचलेलं काही सांगायचो, ते मला सियाचीनचं काही सांगायचे. आज ते म्हणाले, "पाणी सुटलंय." मी म्हणालो, "हो, आवर्तन चालू आहे." मग पुढचे दोन पूल शांततेत गेले.

लोणंदच्या अलीकडे कालव्याच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. आम्ही पाणी प्यायला थांबलो. एका म्हातारीने पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "कुठनं आलासा म्हणायचं?"

"मी वाईचा. हे तासगावचे."

"आन एकमेकाचं कोन?"

साधा प्रश्न. आमच्याकडे तो विचारल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. मी हणमंतरावांकडे बघितलं, ते पाण्याकडे बघत होते. म्हातारीने थोडा वेळ वाट पाहिली, मग काय समजायचं ते समजली आणि म्हणाली, "असूं द्या. जावा जपून. फुडं मधमाश्याचं मव्हळ हाय पुलाखाली."

दुपारी एका करंजाखाली डबा उघडला. गुळपोळीवर सुधाने घरचं तूप वेगळं दिलं होतं. हणमंतरावांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. "आमच्यात जाड असती," ते म्हणाले. "ही कागदागत हाय. मुक्ता बी अशीच करायची. आमची मंडळी म्हणायची, पोरी, ह्यानं गड्याचं प्वाट भरत न्हाई. मग ती एकाला चार वाढायची."

दरवर्षी त्यांच्या पिशवीतही काहीतरी असायचं. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, मूठभर बेदाणा. या वेळी त्यांनी पिशवी उघडलीच नाही. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "मी मंडळीला बोललो न्हाई. पुण्याला चाललोय म्हणून सांगितलंय."

माणचा डोंगर, बुधवार

फलटणच्या सपाटीवरून दक्षिणेला डोंगराची रांग भिंतीसारखी दिसते. ती चढली की माण. खाली ऊस, केळी, पाण्याचा वास; वर गेलं की वाळलेलं कुसळी गवत, निवडुंग आणि रब्बीची ज्वारी. दोन तासांच्या चढात मुलूख बदलतो. आम्ही फॉरेस्टची वाट धरली होती. तिच्यावरून शेवटची गाडी कधी गेली असेल कोण जाणे. मधोमध गवत वाढलं होतं आणि दोन्ही चाकोऱ्यांमध्ये सराटे पसरले होते. सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतो. माथ्यावर पोचेपर्यंत आमच्या चारातली तीन चाकं बसली.

एका लिंबाखाली सायकली उलट्या केल्या. हणमंतराव ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत होते, मी ठिगळं कापत होतो. काम चांगलं चाललं होतं. बहुधा म्हणूनच त्यांना बोलावंसं वाटलं.

"एक इचारू का," ते म्हणाले. "पोरगीनं थोडं दमानं घ्यायला पायजे हुतं, असं न्हाई वाटत तुमास्नी?"

मी कात्री खाली ठेवली. "पाच वर्षं दमानंच घेतलं तिने."

"संसारात बाईला थोडं सोसावं लागतं..."

"आणि पुरुषाला थोडं बोलावं लागतं. तुमचा मुलगा दिवसाला दहा वाक्यंसुद्धा बोलत नव्हता तिच्याशी."

"माझ्या पोराला नावं ठिवू नगा."

"मग माझ्या मुलीला दम शिकवू नका."

एवढंच. मोठ्याने कुणीच बोललं नव्हतं. पण मी माझी चाकं भरली, पंप त्यांच्यासाठी झाडाला टेकवून ठेवला आणि एकटा निघालो. माझ्या आयुष्यात मी असा तोडून निघालेलो नाही. छापखान्यातही मी कुणाशी भांडलो नाही. चूक दिसली की समासात खूण करायची आणि पुढे जायचं, हाच स्वभाव.

उताराला वाट दोनदा फुटली. मी दोन्ही वेळा विचार न करता वळलो. रागात सायकल वेगाने जाते. एका वळणावर मुरूम सुटा होता, पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या अंगावर पडलो ते घसरत वाटेच्या कडेला जाऊन थांबलो. गुडघ्यापासून खाली सोलून निघालं होतं. उभं राहता येईना. फोनला रेंज नव्हती. चारी बाजूंनी पिवळं गवत, वर घिरट्या घालणारी घार, आणि इतकी शांतता की रक्त कानात वाजत होतं. ज्या निर्मनुष्य वाटांचं मी इतकं कौतुक करतो, त्या निर्मनुष्य म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी घुंगरू ऐकू आलं, मग मेंढरं दिसली आणि त्यांच्यामागून डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. जतकडचं मेंढपाळाचं बिऱ्हाड होतं, चाऱ्यासाठी वर आलेलं. तिने माझा पाय बघितला, मेंढरांना कानडीत काहीतरी ओरडली आणि मराठीत मला म्हणाली, "हलू नगा. कोन हाय का तुमच्या संगं?"

"होते," मी म्हणालो. मग म्हणालो, "आहेत. मागे."

तिला कुणाला पाठवावं लागलं नाही. वरच्या वळणावर हणमंतराव दिसले, सायकल हातात धरून, मान खाली घालून, जमिनीकडे बघत चालत येणारे. माझ्या टायरच्या नक्षीचा माग धरून ते दोन्ही फाट्यांवर बरोबर वळले होते. मला बघितल्यावर त्यांनी सायकल तिथंच सोडून दिली आणि पळत आले. पासष्टीचा माणूस, उतारावर, मुरमातून.

त्यांनी बाटलीतलं पाणी ओतून जखम धुतली. एकेक खडा बोटाने काढला. मी ओरडलो की ते थांबायचे, "झालं, झालं" म्हणायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मग स्वतःचं धुतलेलं उपरणं फाडून पट्टी बांधली, घट्ट, व्यवस्थित, फौजेत शिकलेली. शेवटची गाठ मारताना त्यांचे हात थांबले.

"संदीप ल्हान असताना असा कुठं पडला असंल तर कुनी बांधली असंल पट्टी, मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "मी पलटनीत. वरसातनं दोन म्हयनं घरी. आलो की त्यो मायच्या मागं लपायचा. मी म्हनायचो, शाना हाय पोरगा, बोलत न्हाई, हट्ट करत न्हाई." त्यांनी गाठ मारली. "बोलायला शिकलाच न्हाई वो त्यो. तुमी खोटं न्हाई बोललासा."

मेंढपाळ बाईने तीन दगडांवर चहा केला. बकरीच्या दुधाचा, दाट, गूळ घातलेला. आम्हाला दोघांना एकाच अॅल्युमिनियमच्या वाटीतून आळीपाळीने प्यावा लागला, कारण तिच्याकडे दुसरी वाटी नव्हती. आम्ही वाटी एकमेकांकडे देत होतो ते बघत ती म्हणाली, "भाऊ-भाऊ दिसतासा. थोरलं कोन?"

"मी," हणमंतराव लगेच म्हणाले. ते माझ्याहून दीड वर्षाने मोठे आहेत, हे खरंच आहे.

माण, गुरुवार आणि शुक्रवार

गुडघा वाकेना म्हणून आम्ही जवळच्या एका वस्तीवर मुक्काम टाकला. हणमंतरावांच्या पलटणीतला एक जुना सोबती तिथं राहतो. माणमध्ये पाऊस कमी आणि फौजी जास्त, त्यामुळे अशी ओळख कुठेतरी निघतेच. ज्वारी हुरड्यात आली होती. त्यांनी रानात खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या, कोवळी कणसं भाजली आणि हातावर चोळून आमच्यासमोर ढीग केला. बरोबर लसणाची चटणी, दही आणि गूळ. वाईला आम्ही हुरडा आणून घरात खातो, बशीत, चमच्याने. इथं बशी मागितली असती तर त्यांनी दिली असती, पण कीव करून. मी राखेने काळे झालेले हात धोतराला पुसणाऱ्या त्या माणसांमध्ये बसून दोन दिवस फक्त खाल्लं आणि झोपलो.

तासगावच्या वाटेवर, शनिवार

मायणीच्या पुढे पुन्हा कालवा भेटला. माणच्या माळावरून खाली येताना तो आधी दिसत नाही. फक्त पिवळ्या रानातून एक हिरवी रेघ जाताना दिसते. जवळ गेलं की कळतं, रेघेच्या वरच्या अंगाला अजून कुसळं आहेत आणि खालच्या अंगाला द्राक्षाचे मांडव. भराव रुंद होता. गुडघा दुखत होता म्हणून आम्ही अगदी सावकाश चालवत होतो, शेजारी शेजारी.

मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती तीन दिवस मी पुढे ढकलत होतो.

"दोन वर्षांपूर्वी मुक्ता वाईला आली होती," मी सुरुवात केली. "एकटी. तिने मला सांगितलं, बाबा, माझं तिथं मन लागत नाही. मी तिला म्हणालो, होईल सगळं नीट, थोडं थांब."

"कुनी बी बाप हेच म्हनंल."

"मी का म्हणालो ते ऐका. त्या डिसेंबरात आपण चांदोलीच्या बाजूला जायचं ठरवलं होतं. ती बोलत होती आणि माझ्या मनात आलं, हे तुटलं तर ते तुटेल. हणमंतराव तुटतील. मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी तिला थांब म्हणालो."

कालव्यातून एक वाळकी फांदी आमच्याच वेगाने वाहत चालली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, त्यांच्याकडे बघवेना.

"म्हंजी पोरीनं दोन वरसं जादा काढली," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"हे तिला सांगितलंसा?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपेग? तिला सांगा." आवाजात राग नव्हता, पण सवलतही नव्हती. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी सायकल थांबवली, फोन काढला आणि माझ्यापासून वीस-तीस पावलं लांब जाऊन उभे राहिले. कुणाशी बोलले ते मी विचारलं नाही. फक्त पहिले शब्द कानावर आले, "संदीप, काम न्हाई रं. असाच केला." ते तसेच बराच वेळ उभे होते. दुसऱ्या बाजूने फार बोलणं नसावं. पण फोन कुणी ठेवत नव्हतं.

गाव जवळ आलं तसा मी थांबलो. "मी तासगावात एखाद्या लॉजवर उतरतो," मी म्हणालो. "तुमच्या घरी... वहिनींना मी आलोय हे माहीत नाही."

"माझ्या दारावरनं तुमी लॉजवर जानार?" हणमंतराव म्हणाले. "चला."

कालव्यावरून एक पाऊलवाट थेट त्यांच्या बागेत उतरते, घराच्या मागच्या अंगाला. घड तयार होत आले होते आणि उन्हाने डाग पडू नयेत म्हणून प्रत्येकाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला होता. मांडवाखालून वाकून जाताना डोळ्यांसमोर बातम्याच बातम्या. भीती वाटली की माणूस काहीही करतो. मी कागद वाचत चाललो होतो. 'विद्यार्थी'वरचा रफार गायब होता.

घराच्या मागच्या दारात कमलवहिनी बेदाणा निवडत बसल्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याला बघितलं, मग मला, मग माझ्या पायाच्या पट्टीला. त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या.

आमच्या आजीच्या पिढीत मुलीच्या सासरी बाप पाणीसुद्धा पीत नसे. मी ते कधी पाळलं नाही. पण त्या दिवशी तांब्या हातात घेताना वाटलं, आता हे मुलीचं सासर राहिलेलं नाही. मग हे कुणाचं पाणी मी पितोय?

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि दह्यातली मिरची होती. वहिनी खाली बघून वाढत होत्या. हणमंतरावही खाली मान घालून जेवत होते, पुण्याला गेलो म्हणून खोटं सांगितलेला माणूस. दुसरी भाकरी माझ्या ताटात टाकताना त्या थांबल्या.

"मुक्ता जेवती का येळंवर?" त्यांनी विचारलं.

"जेवते."

"लय कामाच्या नादात इसरायची ती. मी गुरुवारी फोन लावायची तवा इचारायची, आज काय क्येलंस. ती सांगायची, आत्या, आज मॅगी. मग मी वरडायची." त्यांनी परातीकडे बघितलं. "आता मी फोन क्येला तर उचलंल का वो?"

मी डाव्या हाताने खिशातला फोन काढला, मुक्ताचं नाव दाबलं आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी पदराला हात पुसले, फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडून "बाबा, पाय कसा आहे?" असं काहीतरी आलं असावं.

"मी हाय," वहिनी म्हणाल्या. "आत्या."

आणि फोन घेऊन त्या मागच्या बेदाण्याच्या शेडकडे चालत गेल्या. हंगाम सुरू व्हायचा होता, शेड रिकामी होती, जाळ्यांचे मजले एकावर एक नुसते टांगलेले. आम्ही दोघं ताटावर बसून राहिलो. शब्द कळत नव्हते. आधी वहिनींचा आवाज आला, मग खूप वेळ काही नाही, मग एकदा त्या हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. हाताला लागलेलं भरीत वाळून गेलं तरी आम्ही उठलो नाही.

त्या परत आल्या तेव्हा नाक लाल झालं होतं आणि आवाज नेहमीसारखा झाला होता. "येती म्हनाली," त्यांनी सांगितलं. "बेदाणा न्यायला. शेड भरली की." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पर तिला डांबरीनं आनू नगा. स्टँडापासनं घरापत्तूर धा जनं अडवनार, आता कशापायी आली म्हून. पोरीनं काय सांगावं? तुमी आलासा त्या वाटंनंच आना. कॅनॉलवरनं. मागनं."

पाय सुजला होता. जत राहून गेलं.

पुन्हा त्याच वाटेवर

मार्चच्या एका शनिवारी मुक्ता आणि मी विट्यापर्यंत एका टेंपोतून सायकली नेल्या आणि तिथून कालवा धरला. तिने पुण्यातल्या मैत्रिणीची सायकल आणली होती. ऊन तापायला लागलं होतं, कालव्यात पाणी निम्म्यावर आलं होतं, पण भरावावर दोघांना शेजारी शेजारी जायला जागा होती. पहिल्या तासातच मी तिला सगळं सांगितलं. का थांब म्हणालो होतो ते, एक शब्द न गाळता.

तिने पॅडल मारणं थांबवलं नाही. "माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "तेव्हा तुमचा फोन आला की तुम्ही आधी मामांची तब्येत विचारायचात, मग माझी."

मामा म्हणजे हणमंतराव. सासऱ्यांना ती तशीच हाक मारते, अजूनही.

"रागावली होतीस?"

"खूप. अजून थोडी आहे." पुढे एक पूल होता, तो तिने ओलांडला. मग म्हणाली, "पण तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. मी विचारणार नव्हते."

बागेच्या वर, जिथं पाऊलवाट कालव्यावरून उतरते, तिथं दोघं उभे होते. वहिनींनी डोक्यावर पदर घेतला होता आणि उन्हाकडे तोंड करून डोळ्यांवर हात धरला होता. बाजूच्या मांडवाखाली शेजारच्या घरातल्या पाच-सहा बायका घड उतरवत होत्या, हे मला उशिरा दिसलं. एवढं आडवाटेने येऊन शेवटी गाव तिथं हजर होतंच. मी ब्रेक दाबला. मुक्तानेही त्यांना बघितलं आणि ती सायकलवरून उतरून जागच्या जागी थांबली.

वहिनी पुढे आल्या. त्यांनी मुक्ताच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. "वाळलीस," एवढंच म्हणाल्या.

मांडवाखालून एका बाईने वाकून बघितलं आणि हाक दिली, "कमलाक्का, कोन पावनं आल्यात गं?"

मुक्ता मागे सरकली. हणमंतरावांनी माझ्याकडे बघितलं. पण वहिनी सावकाश वळल्या, पदर नीट केला आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"पावनं कशाला येतील? माझी मुक्ता आलीया."